उलट्या गाडीनं आंबोली

माझी मान डावीकडं वळते, उजवीकडं वळत नाही. डॉक्टर म्हणतात, मणके झिजलेत. मी म्हणतो, झिजणारच, आख्खा आंबोलीचा घाट मी मागं बघत चढलोय, आणि तोही एकदा नव्हे. डॉक्टर चष्म्यावरून माझ्याकडं बघतात आणि गोळ्या लिहून देतात. गोळ्यांनी झोप येते, मान तशीच राहते. गॅरेजातले अनुभव लिहून द्या असं संपादक म्हणाले तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. आता लिहायचाही कंटाळा येतो. पण हे मानेचं एकदा सांगून टाकावं असं वाटलं, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको.

कुडाळला हमरस्त्याच्या कडेला माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, चार खांब, वर झावळ्यांचं छप्पर, आणि मधोमध एक खड्डा. त्यात उतरून गाडीचं पोट बघायचं. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरायचं, मग गाडी दगडांवर चढवून खाली पाठीवर सरपटायचं. त्या काळात आमच्या मुलखात गाड्या होत्याच किती? एखादा डॉक्टर, एखादा जंगलाचा ठेकेदार, दोनचार व्यापारी आणि टॅक्सीवाले. पण तेवढ्यांनीच माझी हाडं खिळखिळी केली. त्यात समुद्राची खारी हवा. पत्रा आज पुसावा आणि पुढच्या आठवड्यात त्यावर बोट फिरवावं तर बोट तांबडं. मुंबईचा मेकॅनिक इंजिनाशी भांडतो, आम्ही हवेशी भांडत होतो, आणि हवेशी भांडून कोण जिंकलाय?

गिऱ्हाइकंही एकेक नग. मालवणचे एक व्यापारी गाडी बंद पडली की आधी चाकापुढं नारळ फोडायचे. नारळ फोडून गाडी चालू झाली नाही तरच मला बोलावणं यायचं. मी जाऊन प्लग साफ करायचो, गाडी चालू व्हायची आणि श्रेय नारळाला. मला अर्धं खोबरं मिळायचं. मी कधी वाद घातला नाही. एक तर वाद घालायला अंगात ताकद नसायची, आणि दुसरं म्हणजे खोबरं चांगलं असायचं.

पण सगळ्यात जास्त घाम काढला तो वालावलच्या बापू प्रभूंनी. बापूंचा नारळ-सुपारीचा व्यापार, खाडीतून मालाच्या होड्या चालायच्या. माणूस सरळ, उंच, कमी बोलणारा आणि हट्टी. त्यांची गाडी महायुद्धाच्या आधीची, अमेरिकन बनावटीची. वर गुंडाळता येणारं कापडी छप्पर, लाकडी आऱ्यांची चाकं, बाजूला रबरी फुग्याचा भोंगा. लग्नाच्या वर्षी त्यांनी ती पणजीला एका पाखल्याकडून घेतली होती. गोव्यातल्या पोर्तुगीज साहेबाला आमच्याकडं पाखलो म्हणत. नवी नवरी त्या गाडीतूनच वालावलला आली. पुढं मुलगी झाली, सुशी. ती दुडदुडायला लागली तोवर आई तापानं गेली. बापूंनी दुसरं लग्न केलं नाही. पोरीला एकट्यानं वाढवलं आणि गाडीला माझ्या जिवावर सांभाळलं.

पहिल्यांदा गाडी माझ्याकडं आणली तेव्हाच त्यांनी अट घातली. "मेस्त्री, मोडला तर जोड, झिजला तर तसाच दुसरा घाल. पण बदलू नको. सुशीच्या आवशीन बघितली ती गाडी हीच. हिचा थोबाड बदललास तर माझ्या दारात आणू नको."

सांगायला सोपं. सांगाड्यातलं लाकूड कुजलं, तसं विलायती लाकूड मी कुठनं आणू? मालवणला होड्या बांधणाऱ्या सुताराला गाठलं. त्यानं जुनी फळी हातात घेतली, वास घेतला आणि फणसाच्या लाकडाची अगदी तशीच घडवून दिली. छप्पर फाटलं तेव्हा गलबतांची शिडं शिवणाऱ्याकडून शिडाच्याच कापडाचं नवं शिवून घेतलं, टाक्यात टाका. आणि खालच्या लोखंडाला गंज लागू नये म्हणून होड्यांना लावतात ते माशाचं तेल चोपडलं. गंज थांबला. फक्त झालं काय, की बापूंची गाडी बाजारात उभी राहिली की गावातली सगळी मांजरं तिच्याखाली जमायला लागली. बापू काठीनं त्यांना हाकलायचे आणि माझ्याकडं बघायचे. मी दुसरीकडं बघायचो.

हे सगळं एकवेळ परवडलं. खरा वैताग होता घाटाचा, आणि तो समजायला थोडं यंत्र समजून घ्यावं लागेल. त्या गाडीची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली होती. पंप नाही. पेट्रोल आपल्या वजनानं उतारानं इंजिनाकडं जायचं, पन्हळीतनं पाणी जावं तसं. सपाटीवर ठीक. पण घाट लागला, गाडीनं नाक वर केलं की इंजिन वर आणि टाकी खाली. पेट्रोल काय स्वतःहून डोंगर चढणार? चार फुरफुरे मारून गाडी बंद. यावर उपाय त्या काळातल्या सगळ्याच ड्रायव्हरांना ठाऊक होता. गाडी फिरवायची आणि रिव्हर्समध्ये चढवायची. मग टाकी वर, इंजिन खाली, पेट्रोल खुशाल वाहतंय.

बापूंना व्यापाराच्या कामानं बेळगावला जावं लागायचं आणि घाटापुरता ड्रायव्हर म्हणून मला न्यायचे. मी मान मागं वळवून आख्खी आंबोली चढायचो. वर धुकं, बाजूला दरी, समोरून घाट उतरणारे ट्रकवाले आमची पाठ आधी येताना बघून भोंगे वाजवत. मागच्या सीटवर बापू शांत बसलेले, जणू सगळं जग असंच चालतं. घरी आलो की बायको मानेला गरम मिठाची पुरचुंडी लावायची आणि बापूंचा उद्धार करायची. मी पंप बसवू का असं बापूंना विचारायचो, ते नाही म्हणायचे. मग विचारायचंही सोडून दिलं.

गोवा सुटल्यानंतर तीनएक वर्षांनी सुशीचं लग्न ठरलं. मुलगा आंबोलीतच शाळेवर मास्तर. माणसं शेतीवाडीची, बरी. सुशीनं आणि मास्तरनं एकमेकांना आधी कुठल्या तरी नातेवाइकाच्या लग्नात बघितलं होतं आणि पसंतीही तिथंच झाली होती म्हणे. बोलणी माझ्यासमोर झाली, कारण वरपक्षाची मंडळी बापूंच्या गाडीतनं आली-गेली आणि ड्रायव्हर मी. सगळं ठरलं. शेवटी बापू म्हणाले की सुशी सासरी जाईल ती या गाडीतून, तिची आई आली ती याच गाडीतून.

मुलाचे मामा बैठकीत मोठे होते. ते पान चघळायचे थांबले. आमच्याकडची माणसं बोलणी करायला बसली की पुस्तकातल्यासारखी मराठी बोलतात. मामा म्हणाले, "बापूसाहेब, तुमची गाडी घाट कशी चढते, हे आंबोलीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आमची सून आमच्या दारात पाठमोरी येणार नाही. लक्ष्मी कधी पाठ करून घरात येते का? टॅक्सी करा, बस करा. नाहीतर पुढच्या गोष्टीत काही अर्थ नाही."

बापूंनी मंडळींना गाडीपर्यंत पोचवलं. टॅक्सी करणार नाही, एवढंच दुसऱ्या दिवशी कुणाला तरी म्हणाले. आठवडा गेला, आंबोलीहून टॅक्सीचं विचारणारा निरोप आला, बापूंनी उलट काही कळवलं नाही. दोन्हीकडची माणसं ताठ, आणि वाकायला कुणी तयार नाही.

सुशी शिवणाच्या वर्गाला कुडाळला यायची. एक दिवस ती गॅरेजपाशी येऊन उभी राहिली. मी गाडीखाली होतो, मला तिची पावलंच दिसत होती. लहानपणापासून माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली पोर, पण त्या दिवशी आत आली नाही. मग म्हणाली, "काका, बाबा टॅक्सी करुचे नाय आणि मामा ऐकूचे नाय. मधल्यामधी माझा लगीन ऱ्हवतला." मी बाहेर आलो तोवर ती तोंड फिरवून डोळे पुसत होती.

त्याच संध्याकाळी वालावलला गेलो. बापूंना सांगितलं की पंप बसवतो, पण एकही भोक पाडणार नाही, एकही जुना तुकडा कापणार नाही. सगळं पट्ट्यांनी आवळून बसवीन. लग्न झालं की काढून टाकीन आणि गाडी होती तशी. बापूंनी अंगणात जाऊन गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवला. मग म्हणाले, देवाला विचारतो.

आमच्याकडं मोठं काही करायचं झालं की ग्रामदेवतेला कौल लावतात. देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं. उजवीकडची पडली तर देव हो म्हणतो, डावीकडची पडली तर नाही. आता पेट्रोलचा पंप म्हणजे काय हे गुरवाला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला समजावून सांगायला मला देवळात बोलावणं आलं. मी सांगितलं. तो ऐकत होता, मान हलवत होता, पण किती कळलं देव जाणे. मग हात जोडून त्यानं सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान गाडयेक जो काय पेट्रोलाचो पंप बशीवचो इचार केलोहा, तो तुझ्या मर्जीक येत आसात तर उजवो कौल दी रे म्हाराजा." आम्ही दोघंतिघं मागं उभे होतो, आम्ही "होय म्हाराजा" म्हटलं.

पाकळ्या हलेनात. गुरव वाट बघतोय, बापू वाट बघतायत, आणि मी देवाला मनातल्या मनात सांगतोय की बाबा, पोरीकडं बघ, माझ्या मानेकडं बघ, पण उजवी टाक. बऱ्याच वेळानं उजवीकडची पाकळी सुटली. बापूंनी नमस्कार केला. देवळाच्या पायऱ्या उतरताना ते पुटपुटले की देवाला गाडीतलं काय कळतं. पण कौल मोडायची त्यांची छाती नव्हती.

पंप मिळाला म्हापशाला, एका मोडीत निघालेल्या गाडीतला. बॅटरीवर चालणारा. येताना इन्सुलीच्या हद्दीवरच्या नाक्यावर शिपायानं पिशवी उघडायला लावली. पंप हातात घेऊन कानाशी हलवला, तारा ओढून बघितल्या. "पेट्रोल आपणहून चढत नाही का?" असं त्यानं विचारलं. मी दमलो होतो, चढत नाही एवढंच म्हणालो. मग लग्नाची गोष्ट सांगितली तेव्हा त्यानं पंप फडक्यात नीट गुंडाळून परत दिला आणि मुलीला आशीर्वाद सांगा म्हणाला.

बसवला, तर नवंच दुखणं. त्या जुन्या कार्बोरेटरला पेट्रोल सावकाश यायची सवय. पंपानं जोरात ढकललं की तो तुंबायचा आणि सगळीकडं पेट्रोल सांडायचं. विचार करकरून डोकं शिणलं. शेवटी ठरवलं की पंपानं पेट्रोल थेट इंजिनाला द्यायचंच नाही. बॉनेटखाली उंचावर एक छोटं भांडं बसवायचं, पंपानं ते भरायचं, जास्त झालेलं नळीनं टाकीत परत. आणि भांड्यातनं पेट्रोल आपल्या वजनानं खाली उतरेल, जसं ते जन्मभर उतरत आलं. भांडं कासाराकडून करून घेणार होतो. बापूंनी ऐकलं आणि घरात जाऊन तांब्याचा तांब्या घेऊन आले. गाडीत काही नवं जाणारच असेल तर ते घरातलं जाऊ दे, म्हणाले. कासारानं त्याला झाकण डाकून दिलं, नळ्या जोडून दिल्या.

चाचणीला मी एकटाच घाटात गेलो. स्विच लावला की पंप टिकटिक करायचा, ती टिकटिक ऐकत ऐकत गाडी समोर तोंड करून आंबोली चढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तो घाट पुढून दिसला. वर चहाच्या टपरीवाल्यानं मला गाडीतनं उतरताना बघितलं आणि म्हणाला, "बाबी, इतकी वर्सां तुझ्या गाडयेचे कुल्ले बघितलंय. आज थोबाड बघितलंय." संपादकांना छापायचं तर छापावं, नाहीतर गाळावं. पण तो असंच म्हणाला.

लग्न वालावलला झालं. जेवणं आटोपली, वऱ्हाडाची बस मामांना आणि बाकीच्यांना घेऊन पुढं निघाली. गाडीत मागं सुशी, मास्तर आणि पाठराखीण म्हणून सुशीची आत्या. पुढं माझ्याशेजारी बापू. आमच्यात पाठवणीला बापानं मुलीच्या सासरच्या दारात जायचं नसतं, म्हणून बापू घाटाच्या पायथ्यापर्यंतच येणार होते. मग दाणोलीहून एस.टी.नं माघारी. मास्तर बिचारा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता.

दाणोलीच्या पुढं, चढ सुरू होतो तिथं, मी गाडी थांबवून इंजिन बंद केलं. बापू उतरले. मागच्या दारापाशी गेले, सुशीच्या डोक्यावर हात ठेवला. ती रडायला लागली. बापू रडले नाहीत. हात काढून घेऊन ते रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले, धोतराचा सोगा हातात, एकटे. इतका उंच माणूस, पण त्या रस्त्यावर अगदी लहान दिसायला लागला. मी स्विच लावला. टिकटिक सुरू झाली. आता गाडी सुरू करायची आणि पुढं निघायचं, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात मागून सुशी म्हणाली, "काका, गाडी उलटी घेवा. माका बाबा दिसाक होयेत."

मी मास्तरकडं बघितलं. सून पाठमोरी नको म्हणून ज्या घरानं लग्न अडवलं होतं, त्या घरातला तो. बोलून चालून नवरा, त्याचा शब्द शेवटचा. त्यानं घाटाच्या वळणाकडं बघितलं. बस केव्हाच दिसेनाशी झाली होती. "वळणापर्यंत घेवा उलटी," तो हळूच म्हणाला. "मामा फुडे गेलोहा. वळणार फिरवन घेवया." आत्यानं तोंडाला पदर लावला.

मी गाडी तिथल्या तिथं फिरवली, तोंड बापूंकडं. मान मागं वळवली, रिव्हर्स टाकला आणि चढायला लागलो. मला दिसत होता फक्त मागचा रस्ता आणि सुशीचं मुंडावळ्यांचं डोकं. ती काय बघत होती ते मला दिसत नव्हतं, पण माहीत होतं. ती दोन्ही हातांनी पुढची सीट धरून थोडी उठून बसली होती. गाडी मी मुद्दाम हळू घेतली. इंजिन गुरगुरत होतं, मान दुखत होती, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला ते वळण लवकर येऊ नये असं वाटलं. वळण आलं. मी गाडी सरळ केली आणि आंबोलीत आम्ही समोर तोंड करून, रीतीप्रमाणे पोचलो. मामांनी स्वतः पुढं येऊन सुनेला उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापू गॅरेजात आले. डोळे सुजलेले होते, आवाज बसलेला. मी पाने घेऊन तयारच होतो, ठरल्याप्रमाणे पंप काढायला. मी बॉनेट उघडलं. म्हटलं, यांना वाटलं असणार की पंप ऐनवेळी बिघडला म्हणून गाडी उलटी न्यावी लागली. काही खुलासा करावा की नाही, विचार करत होतो.

बापूच म्हणाले, "पंप बरो होतो. टिकटिक माका आयकाक येय होती."

मी फडक्यानं पाना पुसत राहिलो.

"सुशीन सांगलान?" बापूंनी विचारलं.

"होय."

त्यांनी मान हलवली. मग खिशातनं रुमाल काढून तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. मी पट्टीचा पहिला बोल्ट सैल करायला पाना लावला तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"काढू नको, ऱ्हवांदे," ते म्हणाले. "पाचपरतावनाक तिका आणूक जावचा आसा. उलट्यान जावन वेळ कित्याक काढूचो?"

पाचपरतावन म्हणजे लग्नानंतर पाचव्या दिवशी मुलगी जावयाला घेऊन माहेरी येते ते. मी बोल्ट पुन्हा आवळला, बॉनेट लावलं आणि टाकी भरून गाडी बापूंच्या ताब्यात दिली.